हिंगोली सोडून वाशिमला

तपासणीसाठी वेळ काढणं एकवेळ जमतं. निमित्त काढणं भारी अवघड. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला जायचं, तर घरात सांगताना कधी मी बांगड्या भरायला जाते, कधी मावशीला भेटायला. हळद काढणीला आलेली असताना कसली मावशी, हे जाऊबाईंच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. खरं कारण फक्त नवऱ्याला माहीत. पोरीची सोयरीक जुळलेली आहे. आईला साखर म्हटलं की लोक पोरीकडंही तसंच बघतात, उद्या हिलाही होणार म्हणून.

पुसेगावाहून हिंगोली जवळ, पण तिथल्या दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी भेटतंच. म्हणून मी वाशिम गाठते. कनेरगाव नाका मागं पडेपर्यंत तोंडावरचा पदर काढत नाही. गाडीतली प्रत्येक बाई पाहुण्यांकडचीच वाटते. चोराच्या मनात चांदणं!

या खेपेला दवाखान्यात शिरले आणि दारातच थबकले. बाकावर माझी होणारी विहीण बसलेली.

"तुमी काहून इथं?" तिनं विचारलं.

"बहिणीला घेऊन आले. आत हाय ती. आन् तुमी?"

"मीबी बहिणीलाच आणलं."

दोघींच्याही बहिणी काही बाहेर येईनात. तेवढ्यात नर्स आली, विहिणीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले आणि "साखर किती निघाली आज?" असं विचारून गेली.

माझं टाळकंच सरकलं. लग्न लवकर उरकून घेऊ, असे तिकडून सारखे निरोप येत होते. म्हणजे हिचं दुखणं काढायला सून पाहिजे तर!

"म्हणून लग्नाची घाई करून राहिलात व्हय?" मी सरळ विचारलं.

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. "व्हय. साखर डोळ्यांत उतरली. शेताच्या कामात दाखवायचं राहत गेलं, आता डाव्यानं दिसत न्हाई. सुनेकडून मला सेवा नको, बाई. एकच लेकरू हाय माझं. त्याचं लग्न तेवढं दिसावं."

मी तिचा हात धरला.

"मलाबी साखरच हाय," मी म्हणाले. "तारीख अलीकडची धरू. आन् सांजचा मुहूर्त नको, विहीणबाई. दुपारी लावू लग्न, भर उजेडात."