मागचं दार

कामतघरला आमच्या कापडाच्या गोदामात आगीची तपासणी करायला त्या बाई दरवर्षी यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. चहाला नको म्हणत त्या थेट मागच्या दाराकडे जायच्या आणि एका हाताने ते ढकलून बघायच्या.

यंदा शेठ हसले. "मॅडम, तपासणी दुसऱ्या खात्याकडे गेली ना? निधीपण तिकडेच. कशाला त्रास घेता?"

"चार्ज उद्या देणार. आज माझीच ड्युटी हाय."

दार हललं नाही. मागच्या बोळात तागे रचले होते. बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या दारापाशीच बसल्या. "उघडलं की जाते."

शेठनी तागे हलवायला हमालांना बोलावलं.

नव्या खात्याचं अजून कोणी फिरकलेलं नाही. रोज सकाळी ते दार मीच एका हाताने ढकलून बघतो.