धुरपदाबाईचा डोस कुठं जातो?

निजामी गेली, निजामाचं हाली नाणं गेलं, पण जिंतूरच्या दवाखान्यातल्या चंद्रभान कंपाउंडरचे पाढे उर्दूच राहिले. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की तो डोळे मिटायचा. एका वेळी एक चमचा, दिवसातून तीनदा, आठ दिवस. "तीन अठ्ठे चौबीस!" सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणायचा, पेशंटनं घरून आणलेली शिशी भरायचा आणि कागदाच्या पट्टीला कातरीनं दाते पाडून ती शिशीवर चिकटवायचा. एक दाता, एक डोस. नवरदेवाला बाशिंग बांधतानाही कुणी एवढा रुबाब करत नसेल.

अशा माणसावर चारठाण्याच्या आश्रुबानं भर गर्दीत माप मारल्याचा आळ घेतला.

धुरपदाबाई ही आश्रुबाची आई. तिच्या नातीची हळद आठवड्यावर आलेली आणि म्हातारीचा घसा पार बसलेला. त्यात काय एवढं, असं ज्याला वाटेल त्यानं मानवतच्या इहिणींना ऐकलेलं नाही. वरपक्षाच्या त्या बायका हळदीच्या गाण्यांतून असे टोमणे मारत, की मुलीकडच्यांनी वर्षभर मान खाली घालून फिरावं. त्यांना उत्तर देणारा गळा चारठाण्यात एकच, आणि तोच बंद!

"कंपोंडर, आठ दिवसांची शिशी दर बारीला तिसऱ्याच दिवशी कशी सरायलीय?" आश्रुबानं रिकामी शिशी टेबलावर ठेवली. "गोड औषध म्हणून अर्धं तुमच्याच घरी जायलंय काय?"

ओसरीवर खसखस पिकली. चंद्रभानची बायको एवढी गोड का बोलते, त्याचं कारण गावाला आज कळलं! संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारात पोचली. कुणी पोचवली ते विचारू नका.

चंद्रभाननं पट्टी उजेडात धरून दाते मोजले. बरोबर होते. म्हणजे म्हातारीच जास्त पीत असणार! "चला, मीच बघतो," म्हणत शिशी पुन्हा भरून तो आश्रुबाच्या छकड्यात बसला.

धुरपदाबाईकडं शेजारणी लग्नाची डाळ निवडत बसल्या होत्या. म्हातारीनं घोगऱ्या आवाजात "या, बसा" केलं, शिशी घेतली, चमचा भरला आणि कंपाउंडरपुढंच धरला.

"घ्या थोडं."

"मावशी, हे औषध हाय!"

"मंग? तुमच्याच हातचं हाय, लय गोड असतंय. आल्यागेल्याला देऊन मंग आपण घ्यावं. एकटीनं गिळाया मी काय मांजर हाय?"

शेजारणींचे तळहात केव्हाच पुढं आले होते. खोकला एकीलाही नव्हता, पण ज्येष्ठमधाच्या पाकाची चटक सगळ्यांना लागलेली.

चंद्रभान जन्मात पहिल्यांदा गुणाकारात अडकला. शेजारणी धरून हिशेब करावा तर घागरच भरून द्यावी लागणार! परत येऊन त्यानं डॉक्टरांना सांगितलं. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "औषध तेच ठेवा. फक्त पाक काढा आणि काडेचिराइताचं पाणी घाला."

शेजारणींनी नव्या शिशीतला एकेक चमचा चाखला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना आपापल्या घरी कामं निघाली. उरलेली शिशी म्हातारीच्या एकटीच्या वाट्याला आली. हळदीपर्यंत गळा मोकळा!

मानवतच्या इहिणी मांडवात घसा खाकरतायत, तोच धुरपदाबाई शिशी-चमचा घेऊन पुढं झाली. "लांबून आलाव, घसा कोरडा पडला असंल. आमच्याकडची रीत हाय, न्हाई म्हणू नका."

रीत म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? एकेकीचं तोंड असं वाकडं झालं की विचारू नका. पदरानं ओठ पुसेपर्यंत म्हातारीनं सूर लावलासुद्धा:

जिंतूरच्या शिशीचा गं, कडू कडू एक घोट,
मानवतच्या इहिणीचे कसे मिटले गं ओठ!

मांडव हसून हलला. थुंकता थुंकता इहिणीही हसल्या. "मावशी, तो डोस हाय, आहेर न्हाई!" चंद्रभान पुरुषांतून ओरडला खरा, पण ऐकतंय कोण? चारठाण्याच्या बायका पुढच्या कडव्यात त्याचंच नाव गुंफत होत्या.