नंदाचे पंख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही. पण ऐका.

सत्तरच्या दशकात आम्ही पोरी फुलपाखरांनी वेडावलो होतो. सिनेमातली हिरॉइन बागेत गाऊ लागली की तिच्या हाताशी फुलपाखरू यायचंच — बहुतेक कागदाचं, दोऱ्याला बांधलेलं, पण आम्हाला खरं वाटायचं. मुंबईत टीव्ही तेव्हा नवा. डिलाईल रोडच्या आमच्या अख्ख्या चाळीत एकच, तोही काळा-पांढरा. आणि त्या टीव्हीवर, मुलांच्या कार्यक्रमात, आमच्या शाळेचा फुलपाखराचा नाच होणार होता!

फुलपाखरू होती नंदा. माझ्या शेजारच्या खोलीतली, माझ्याच वर्गातली. मी मागच्या फुलांपैकी एक. नंदाचे बाबा गिरणीत होते. त्यांनी पिवळं कापड आणलं, आईनं पंख शिवून शाळेत दिले. ती नाचायला लागली की — खरं सांगते — नजर हलायची नाही. मला ते बघवत नसे.

शूटिंगच्या आदल्या दिवशी नंदा शाळेत आली नव्हती. बाई मला म्हणाल्या, "तिला सांग, उद्या दुपारी नाही, सकाळीच निघायचंय." मी गेले. ती दारातच उभी.

"बाई काय म्हणाल्या गं?"

"काही नाही."

सकाळी नंदा आली नाही. बाईंनी विचारलं, मी खांदे उडवले. नाच मला पाठ होता. पंख माझ्या पाठीवर बांधले गेले.

इथवरच असतं, तर पोरकटपणा म्हणून मी कधीच सांगून टाकलं असतं. नाही का?

दुपारी नंदा केस विंचरून, बाबांचा हात धरून शाळेत आली होती — बंद फाटकापाशी. सोमवारी बाईंनी तिला वर्गात उभं केलं.

"बाई, मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्हा लोकांना संधी दिली तरी किंमत नाही!"

तुम्हा लोकांना — नंदाचं घर बौद्ध होतं, आमचं नव्हतं. त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हा दोघींनाही त्या वयात कळत होता. मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांगितलं होतंस ना गं?"

नंदा माझ्याकडे बघत होती. रागानं नाही — मी आता सांगेन, अशा भरवशानं.

"हो बाई," मी म्हणाले. "सांगितलं होतं."

ती खाली बसली. कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी सगळी चाळ टीव्हीपुढे लोटली. फक्त नंदाचं दार बंद होतं. पुढे शाळेच्या एकाही नाचात ती उभी राहिली नाही. आमचं बोलणं सुरू राहिलं, पण त्या दिवसाबद्दल तिनं मला कधी विचारलं नाही. आणि मी? मी तिनं विचारायची वाट बघत राहिले — की विचारू नये याची?

गेल्या वर्षी चाळीतल्या जुन्या मंडळींच्या भेटीला ती माझगावहून आली होती. नर्स म्हणून निवृत्त झालीय आता. नात बरोबर होती, नाचाच्या क्लासला जाणारी. तिनं विचारलं, "आजी, तू लहानपणी नाचायचीस?"

"छे गं, मला कुठे येतंय!" नंदा म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. "नाचायची ती ही. टीव्हीवर आली होती."

पोर माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागली. आणि मी — साठी उलटलेली बाई — नंदाच्या देखत तिला त्या नाचाबद्दल सांगायला लागले.