पेवातली जड हवा

आमच्या मालकांस्नी हळदीच्या बाजारात सगळी बिराप्पा पेववाला म्हणत्यात. कवठे महांकाळकडचा मेंढरं राखणारा गडी, उघड्या माळावर वाढलेला. त्यो सांगलीशेजारच्या हरिपुरात येऊन जमिनीच्या पोटात कसा उतराय लागला, त्याचं त्यालाच ठाऊक! मी भामाबाई, त्यांची बायको. मला इचारलं असतं तर मी न्हाईच म्हणलं असतं.

पेव म्हंजी जमिनीत खोदलेली खोल खोली. वर माणूस जाईल एवढंच तोंड. आत हळद भरायची, तोंड लिंपायचं, वर माती लोटायची. किती बी दिवस ठेवा, कीड लागत न्हाई. मोठ्या पुरात लय पेवं बुजली, आता सगळा माल गोदामात जातो. तरी एका शेटची थोडी पेवं अजून चालू हायत, आणि ती उघडायला ह्यांनाच बोलावणं येतं.

बंद पेवात चांगली हवा सरती आणि जड हवा तळाला बसती. तिला वास न्हाई, रंग न्हाई. दिसली असती तर चार शिव्या तरी घातल्या असत्या मुडदीला! आमची संयोगिता नववीत हाय. ती म्हणती, "आई, हवेचं बी बारीक कण असत्यात. सारखं पळत्यात, एकमेकाला धडकत्यात." मी म्हणलं, "मग पळून का जात न्हाईत गं भाईर?" तर म्हणली, जात्यात, पण खड्डा खोल, तोंड बारकं आणि ती हवा जड, म्हणून लय येळ लागतो.

त्यो येळ आमचं मालक देत्यात. पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं. मग कडूलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरानं खालीवर करून आतली हवा ढवळायची. मग पेटता कंदील सोडायचा. कंदील इझला की कुणी उतरायचं न्हाई, शेट किती बी बोंबलू दे.

त्या दिवशी सकाळी शेटचा ट्रक हमालांस्नी घेऊन पेवावर हुबा राहिला. आमी नवराबायको भाकरी बांधून घरनं निघायच्या आधीच ह्यांच्या हाताखाली काम करणारा माझा पाठचा भाऊ धनाजी आणि त्याच्या जोडीचा तानाजी पेवावर पोचलं हुतं. पेव उघडून थोडाच येळ झाला हुता. कंदील कोरडा. रेशनला रॉकेल कवाच बंद झालंय, आणायचं कुठनं? धनाजीनं मोबाइलची बॅटरी लावली, फोन सुतळीला बांधला आणि खाली सोडला. खाली लख्ख उजेड! "दिवा इझला न्हाई, उतरतो," म्हणला आणि कमरंला दोर सुदिक न बांधता उतरला बी. आरं बाबा, त्या फोनला हवा कशाला लागती?

आमी पोचलो तवा तानाजी पेवाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून वरडत हुता. "आत्ताच उतरला गड्या, बोलत न्हाई!"

मी वाकून बघितलं. फोनचा उजेड तसाच हुता आणि माझा भाऊ हळदीवर पालथा पडला हुता. मी आत पाय सोडणार, तेवढ्यात ह्यांनी मला दंडाला धरून मागं ओढलं.

"एकाचं दोन करू नगंस, भामे!"

आणि डहाळ्यांचा भारा घेऊन खालीवर, खालीवर कराय लागले. मी त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या. "आवं, माझा भाऊ मरतोय आणि तुमी झाडलोट करताय व्हय!" त्यांनी वर बघितलं न्हाई. घामानं सदरा भिजला हुता.

हवा पुरी ढवळली नव्हती, मला बी कळत हुतं. तरी त्यांनी भारा टाकला, एक दोर स्वतःच्या कमरंला बांधला, दुसरा हातात घेतला. "दम धरून उतरतो. धनाजीला आधी वर घ्या. माझा दोर ढिला पडला तर ओढा. मी आलो न्हाई तर माझ्यामागं कुणी उतरायचं न्हाई. माझी आण हाय तुला."

माझ्या हातात नवऱ्याचा दोर, तानाजीच्या हातात भावाचा. भावाचा दोर हालला. हमालांनी ओढून काढला त्याला, मान लटकत हुती. नवऱ्याचा दोर मात्र ढिला. मी ओढला. नुसतंच वजन. वरडले, तशी हमाल धावली. मालक वर आले तवा ओठ जांभळे पडले हुते. भुईवर पडून दोघं बी घरघर करीत हुती.

देवाची कृपा, वाचली दोघं. सांगलीच्या दवाखान्यात धनाजीनं डोळं उघडलं आणि म्हणला, "आक्का, काय सुदिक कळलं न्हाई गं. नुसती झोप आली." ते ऐकून मला पयल्यापेक्षा जास्त भ्या वाटलं. दुखलं असतं तर माणूस वरडला तरी असता.

धनाजी आता रिक्षा चालवतो. आमचं मालक अजून उतरत्यात. मी लय भांडले, जेवण सोडलं, ऐकलं न्हाई. शेवटी म्हणलं, मग दोर मीच धरणार. दर पेवाला जाते. वरनं सारखी हाक मारते, "हाय का?" खालनं आवाज येतो, "हाय." तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो, आणि लगेच पुन्हा हाक मारते.

कवा कवा उत्तर यायला जरा उशीर हुतो.