बिनसरपंचाचं गाव

मुलाखतीतला शेवटचा प्रश्न संशोधनावरचा नव्हताच. समोर बसलेल्या जर्मन बाईंनी माझ्या कागदांवरचं गावाचं नाव वाचलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि विचारलं, "तुमच्याकडे द्राक्षाच्या वेली मांडवावर चढवतात का?"

"हो, मांडवावर," मी म्हटलं. "पण मांडव आमचा नव्हता. आम्ही मजुरीला जायचो."

"मग छाटणी येते?"

"येते."

नोकरी मिळाली. छाटणी येते म्हणून मिळाली असं कोणी समजू नये. मी पीएच.डी. केलेली आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते. नवऱ्याला ते ऐकून कंटाळा आला आहे. मला सांगून आलेला नाही.

त्या बाई म्हणजे सिंगापुरात वन-नॉर्थ भागात असलेल्या आमच्या लॅबच्या प्रमुख. दुपारी आम्ही दोघी खालच्या फूड कोर्टात जेवायला जायचो. तिथं एकदा त्यांनी ताटातल्या भाताचा डोंगर केला, त्याची एक बाजू चमच्यानं उभी कापली, खाली रश्श्याचा ओघळ सोडला आणि म्हणाल्या, "हे माझं गाव." डोंगर म्हणजे द्राक्षाचा उतार, ओघळ म्हणजे मोझेल नदी, आणि दोघांच्या मध्ये काकडीच्या दोन चकत्या, ती घरं. उतार एवढा उभा की साधा ट्रॅक्टर वर जात नाही. माती पाटीच्या दगडाची, काळी, दिवसा तापून रात्री वेलींना ऊब देणारी. तिथं रोमन लोकांच्या काळापासून द्राक्ष आहे म्हणतात. नंतर फ्रेंच आले, प्रशियन आले, लढाया झाल्या, राज्यं बदलली. नदीकडच्या एका घराच्या भिंतीवर मोठ्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत, कोणाच्या आज्यानं कुठपर्यंत पाणी पाहिलं त्या. "गावात मुलं उंची मोजायला त्या भिंतीलाच टेकून उभी राहतात," त्या म्हणाल्या.

मला सगळ्यात आवडली ती मळे बंद करायची रीत. द्राक्ष पिकायला आलं की गावच्या पंचायतीनं मळ्यांच्या वाटा बंद करायच्या. मग खुद्द मालकानंही ठरल्या दिवसाशिवाय आपल्या मळ्यात पाय ठेवायचा नाही. एकटादुकटा आत गेला तर शेजाऱ्याचा घड तोडला की स्वतःचा, कोण सांगणार? तोडणीला सुरुवात घंटा वाजल्यावर, सगळ्यांनी बरोबर. आता पूर्वीइतकं कडक राहिलेलं नाही, पण वाटेवर आडवी फळी अजून टाकतात.

आणि याच गावाला सरपंच मिळेना. तिथं त्या पदाला दुसरं नाव आहे, पण गाव एवढंसं, तेव्हा मी सरपंचच म्हणते. पगार नाही, मानधन नावापुरतं, आणि दिवा गेला, पाइप फुटला, मयत झालं की दार वाजणार ते सरपंचाचं. जुना सरपंच थकला होता. निवडणुकीला एकही अर्ज आला नाही. आता पंचायतीच्या सभासदांनीच मत देऊन गावचा कोणी निवडला तर ठीक, नाही तर जवळच्या मोठ्या गावच्या कचेरीतून कोणी नेमलेला माणूस येऊन कारभार बघणार होता.

बाईंची इथली मुदत संपत आली होती. त्यांना परत जाऊन तिथंच राहायचं होतं, आणि त्यांच्या मनात होतं की सरपंच आपण व्हावं. ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्या मोठ्या बाई, पण कॉलेजातल्या मुलीसारख्या.

त्यांनी काय केलं होतं? गावाच्या पुढच्या काळाचा आराखडा तयार केला होता. आलेख, नकाशे, ओस पडलेल्या उतारांचं काय करायचं, बंद शाळेचं काय करायचं. एकदम देखणं काम. तो सगळ्या सभासदांना मेलनं पाठवला होता आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

"त्यांना मी नको आहे," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ पंचायतीत आहे. तोही गप्प. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा तो म्हणाला होता, तू शिकलीस म्हणजे तू गेलीस."

ते वाक्य मला नवीन नव्हतं. आमच्या वस्तीत ते कौतुकानं म्हणतात, टोमण्यानंही म्हणतात, आणि कधी कुठलं ते ओळखायला गावचंच असावं लागतं.

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. म्हटलं, "मॅडम, हे पीडीएफ तुम्ही ग्रामसभेला दिलंत की परीक्षकाला? माझ्या आईनं हे पाहिलं तर ती यात भाकरी गुंडाळेल."

"तुमच्या आईला यातलं काय कळतं?" त्यांनी तुसडेपणानं नव्हे, खरंच विचारलं.

"ती सरपंच होती."

बाईंनी चमचा खाली ठेवला.

आई तेव्हा आमच्याकडे, हौगांगच्या घरी, आलेली होती. आमच्या गावचं सरपंचपद एकदा राखीव झालं, बाईसाठी, आणि आई निवडून आली. पहिले काही महिने उपसरपंचच तिच्या खुर्चीत बसायचा. मग आईनं घरून सतरंजी नेली, खुर्चीसमोर जमिनीवर अंथरली आणि वस्तीतल्या बायांना घेऊन तिथंच बैठक घेतली. खुर्चीवरच्याला दिसायची फक्त बायांची टाळकी. तो आपसूक उठला. पुढच्या निवडणुकीत मात्र आई पडली. पाडणाऱ्यांत माझी सख्खी मावशी होती.

सिंगापुरात आल्या आल्या आईनं लिफ्टशेजारचा सूचनाफलक माझ्याकडून वाचून घेतला होता. डासांची फवारणी, पाइपची दुरुस्ती, रहिवाशांचा मेळावा. "बरं चाललंय," ती म्हणाली. "पण भांडण कुठं करतात हे लोक?"

तर मी बाईंना रविवारी जेवायला बोलावलं. आईनं हुलग्याचे शेंगोळे केले. पीठ तिनं बॅगेतून आणलं होतं, साड्यांच्या घडीत. बाई शेंगोळ्यांकडे पाहून म्हणाल्या, आमच्याकडं असेच हातानं वळलेले पिठाचे तुकडे उकडतात. पहिल्या घासाला त्यांच्या नाकातून पाणी आलं. दुसऱ्यांदा त्यांनी मागून घेतलं.

"दारूचं गाव ना यांचं?" आईनं मला विचारलं.

"वाइनचं."

"तेच ते. पंचशीलात बसत नाही. पण द्राक्ष ते द्राक्ष. विचार, वर्षात छाटण्या किती?"

मी विचारलं. एकच, हिवाळ्यात, असं उत्तर आलं.

"एकच?" आई हसायला लागली. "आम्ही एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात गोडी छाटणी. एकाच छाटणीत भागतं तर बाकीचं वर्ष करतात काय ही माणसं? अन् तरी सरपंच व्हायला कोणाला वेळ नाही?"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाई एवढ्या हसल्या की शेंगोळा घशात अडकला. मग त्यांनी मळे बंद करायची रीत आईला सांगितली. मालकालाच बंदी, हे ऐकून आईनं मान हलवली.

"आमच्याकडं असं केलं असतं तर पंचायतीवर केस झाली असती. यांचं गाव ऐकतंय म्हणजे गाव जिवंत आहे. मग ही बाई घाबरती कशाला?"

"आराखडा पाठवला, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून."

"पाठवला? कोणाच्या हातानं?"

"मेलनं, आई."

"म्हणजे कोणाच्याच नाही." आई बाईंकडे वळली आणि मराठीतच बोलायला लागली, जणू त्यांना कळत होतं. "बाई, मत मागायला तोंड लागतं. दारात जावं लागतं. अन् पहिलं दार विरोधकाचं. आपल्या माणसाकडं आधी गेलं की विरोधकाला कळतं आपल्याला शेवटी धरलं. तुमचा विरोधक कोण?"

मी भाषांतर केलं. बाईंनी ताट जरा पुढं सरकवलं. मग म्हणाल्या, "भाऊ."

"मग लावा फोन. तिकडं आत्ता काय वाजले?"

"सकाळ आहे," मी म्हटलं. "आई, त्या जेवू राहिल्यात."

"जेवण कुठं पळू ऱ्हायलंय?"

बाई खरंच उठल्या. फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेल्या, शेजाऱ्यांच्या कुंड्या आणि चपलांच्या मांडणीमध्ये उभ्या राहिल्या. जाळीच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. बोलत होत्या ती त्यांची गावची बोली असावी, कारण लॅबमध्ये दुसऱ्या जर्मन माणसाशी बोलतात तेव्हा असा आवाज निघत नाही. आधी हळू, मग मोठ्यानं, मग एकदम भांडण. शेजारची चिनी आजी दार किलकिलं करून बघून गेली.

"भांडू ऱ्हायली," आई समाधानानं म्हणाली. "चांगलं आहे."

परत आल्या तेव्हा बाईंचं तोंड लाल होतं. "मत देणार नाही म्हणाला. इतकी वर्षं बर्फात, पुरात, तोडणीत मी कुठं होते? आता आल्या आल्या सरपंच व्हायचंय?"

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच मला माझ्या गावात कोणी ऐकवलं असतं तर तेही खोटं ठरलं नसतं.

"अजून काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"विचारलं, कुठल्या दिवशी येतेस. स्टेशनवर घ्यायला येतो म्हणाला."

"हा माणूस मोजायला सोपा," आई म्हणाली. "तोंडावर नाही म्हणतो. माझी बहीण हो म्हणाली होती. आता दुसरं दार."

त्यानंतरचे रविवार बाई फोनवर होत्या, आधी सभासद, मग त्यांच्या घरची थोरली माणसं. गावातली म्हातारी माणसं अजून घरातला जुना फोन उचलतात, ते बरं झालं. सोमवारी जेवताना त्या मला एकेका घराचं सांगायच्या. आराखड्याबद्दल कोणीच बोललं नव्हतं. एका आजीनं विचारलं, तू कोणाची? तिथं आडनावापेक्षा घराचं नाव चालतं, कुठल्याशा पणज्याच्या धंद्यावरून पडलेलं. ते सांगितल्यावर आजी म्हणाली, अस्सं, त्या घरातली होय, तुझी आजी माझ्या शेजारच्या ओळीत घड तोडायची. कोणी विचारलं, सिंगापूर फार गरम आहे का. कोणी म्हणालं, पावाची गाडी आता गावात येत नाही, आधी तिचं बघ. एकानं पूर्ण वेळ आपल्या गुडघ्याबद्दल सांगितलं. बाईंना वाटलं हे फुकट गेलं. मी म्हटलं, नाही, गुडघा सांगितला म्हणजे तुम्हाला घरचं धरलं.

एक गोष्ट त्यांनी स्वतःच ठरवली. पुढच्या फोनांपासून त्या सुरुवातीलाच सांगायला लागल्या, "मी इतकी वर्षं नव्हते, हे खरं आहे. आता राहायलाच येते आहे. सरपंच केलं नाही तरी येते आहे." हे आईनं शिकवलं नव्हतं. मीही नाही.

मुदत संपली, बाई गेल्या. लॅबमध्ये त्यांच्या जागी दुसरे आले, चांगले आहेत, पण भाताचे डोंगर करत नाहीत. आईही गावी परतली होती. ज्या दिवशी तिथली पंचायत बसणार होती, त्या दिवशी मी काम करत होते म्हणण्यात अर्थ नाही. फोनच बघत होते.

मेसेज आला: थोडक्या मतांनी निवडून आले. मतदान चिठ्ठ्यांनी, गुप्त, पण भावानं बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की माझं मत हिच्या विरोधात होतं. आणि मग माझी कागदांची बॅग उचलून आपल्या गाडीत ठेवली, कारण मी अजून त्याच्याच घरी राहते.

मी लगेच आईला फोन लावला. तिनं वस्तीतल्या दोघीतिघींना ओरडून सांगितलं की जर्मनीत आपली बाई आली. मग मला म्हणाली, "विचार, पहिली तक्रार कोणाची आली?"

मी विचारलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सकाळी चहाच्या आधीच भाऊ स्वयंपाकघरात उभा होता: माझ्या गल्लीतलं गटार तुंबलंय, जुन्या सरपंचाला सांगून दमलो, आता तू बघ.

"तिला सांग," आई म्हणाली, "गटार आधी दुसऱ्याचं काढ. भावाचं मागून. नाही तर गाव बोलेल."

मी निरोप पाठवला. बाईंनी लिहिलं: उशीर झाला. आम्ही दोघं आत्ताच बूट घालून बघून आलो. ते गटार त्याच्या एकट्याचं नाही, अख्ख्या गल्लीचं आहे.

मी आईला वाचून दाखवलं.

"असं सगळेच म्हणतात," आई म्हणाली, आणि किती वेळ हसत होती.