जुन्या मुळाशेजारी नवा दात

एकदा घरात शिरलेल्याला आत्यानं कधी बाहेर काढलं नाही. जयेंद्रगंजातल्या तिच्या घरी मागच्या खोलीत तिवारीजी राहायचे. बदली होऊन आले तेव्हा दोन महिन्यांपुरते म्हणून राहिले. पुढे निवृत्त झाले, आजोबा झाले, पण खोली काही सुटली नाही. आम्ही विषय काढला की आत्या म्हणायची, "त्रास देतो का? नाही ना? मग राहू दे." तुटक्या कानाचं मांजर, बंद पडलेलं घड्याळ आणि सुटीत येऊन कायमचा ठिय्या दिलेला मी, सगळ्यांना हाच न्याय.

तोच तिनं स्वतःच्या जबड्यालाही लावला. फार वर्षांपूर्वी पडाव भागातल्या एका डॉक्टरकडे तिनं दाढ काढून घेतली होती. मुळाचा तुकडा आतच मोडून राहिला आणि ते कोणाला कळलंही नाही. पुढे एकेक करत खालच्या बाकीच्या दाढाही गेल्या. आत्याचं तसं काही अडत नव्हतं, फक्त गजक, ती तिळगुळाची कडक वडी, चावता येईना. थंडी पडली की गल्लीच्या तोंडाशी गजकवाले तीळगूळ कुटायला लागायचे आणि आत्या गजक दुधात भिजवून चमच्यानं खायची. मला ते बघवत नसे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिनं जाहीर केलं, स्क्रूवाला दात बसवायचा.

श्रावणात मी तिला दवाखान्यात नेलं. एक्स-रेत तो तुकडा दिसला. डॉक्टर तरुण, भला माणूस, तिला बुआजी म्हणायचा. त्यानं नीट समजावलं. तुकडा काढायचा तर हाड कोरावं लागेल, ते भरून यायला काही महिने, मग स्क्रू. म्हणजे ही थंडी गेली. नाहीतर तुकड्याला धक्का न लावता जरा शेजारी स्क्रू बसवता येईल, पण उद्या तिथे पू झाला तर दोन्ही काढावे लागतील. तिचा मुलगा विनय पुण्याहून फोनवर ऐकत होता. त्याचं म्हणणं, आधी मूळ काढ, एवढी घाई कसली, गजक पुढच्या थंडीत खा.

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला. "इतकी वर्षं गप्प बसलाय तो. त्रास देतो का? नाही ना? मग राहू दे. आणि विनू, पुढच्या थंडीचं मला सांगू नकोस."

डॉक्टरनं तिची सही घेतली आणि शेजारी स्क्रू बसवला. विनय महिनाभर माझ्याशी बोलला नाही, जसा काही जबडा माझाच होता.

पौषात त्या स्क्रूवर दात लागला. त्या संध्याकाळी आत्या ताठ बसली, गजकचा तुकडा नव्या दाढेखाली धरला आणि चावला. कडकन आवाज झाला. मागच्या खोलीतून तिवारीजी धावत आले.

"बहनजी, क्या टूटा?"

"टूटा नहीं, लगा है," आत्या म्हणाली आणि त्यांच्या हातावरही एक तुकडा ठेवला. त्यांना दात नव्हते, त्यांनी तो चघळला. ती थंडीभर आत्यानं रोज गजक खाल्ली, आणि मला त्याचा इतका आनंद व्हायचा की मी उगाचच तिच्यासमोर जाऊन बसायचो.

पुढच्या पावसाळ्यात आत्या झोपेतच गेली. तुकड्यानं शेवटपर्यंत त्रास दिला नाही. अस्थी वेचताना राखेत तो स्क्रू सापडला, काळवंडलेला पण अख्खा. गुरुजी म्हणाले, धातू आहे, बाजूला काढा. विनयनं तो तळहातावर घेतला आणि बोटानं त्याची राख पुसली.

"मी तिला पुढची थंडी सांगत होतो," तो मला म्हणाला.

मग त्यानं स्क्रू अस्थींच्या मडक्यात ठेवला. गुरुजींनी हात पुढे केला, तेव्हा त्यानं मान हलवली.

"राहू दे," तो म्हणाला.