खुर्चीतली सून

आमच्या घरात खुर्ची एकच. लाल प्लास्टिकची. नर्सबाई नाहीतर मास्तर आले की पुसून पुढे करायची, एरवी भिंतीला टांगलेली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्या नशिबी आली.

गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतारावरून येताना मी घसरले, खुबा मोडला. जव्हारला नेलं, तिथून नाशिकला. तिथे नवा खुबा बसवला. डॉक्टरांनी बजावलं, "जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं तर मुळीच नाही. सांधा निखळेल." मी मान डोलावली. पण आमचं सगळं आयुष्यच जमिनीवर, हो! चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, भाताची आवणी तर दिवसभर वाकून. नवऱ्यानं चूल सांभाळली. मी खुर्चीतून नुसतं "मीठ घातलंत का?" विचारायची. तरी आशा होती. पुढच्या आवणीला मी चिखलात उतरणार, असं सगळ्यांना सांगत होते.

सासरे तेव्हा मोखाड्याला नणंदेकडे होते. एका दुपारी न सांगता दारात उभे राहिले. सासऱ्यांसमोर सून उंच बसलेली? लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर कधी खाटेवरसुद्धा टेकले नव्हते. डॉक्टर-बिक्टर काही आठवलं नाही. पदर सावरला आणि झटकन खाली उतरून बसले, उकिडवी. आत कट्‌कन वाजलं. मी अशी किंचाळले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

परत नाशिक, परत टाके. या खेपेला पाय आखूड झाला. डॉक्टर आधी रागावले, मग त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला. तेव्हाच मी काय ते समजले. "आता पुन्हा ऑपरेशन नाही. हाडात जीवच उरला नाही," म्हणाले. शेताचं मी विचारलंच नाही.

मेलं हाड माझं, आणि शिक्षा भोगतोय म्हातारा. त्या दिवसापासून सासरे घरात पाऊल टाकत नाहीत. कायम चुलीपाशी जेवणारा माणूस, आता ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसतो. नवऱ्यानं समजावलं, मी हात जोडले. "पोरीचा पाय माझ्यापायी गेला," एवढंच बोलतात. मी पुन्हा दचकून उतरेन, ही भीती त्यांच्या मनातून जात नाही.

परवा वाऱ्यानं पावसाची झड ओट्यावर यायला लागली. सासरे भिंतीला चिकटून कुडकुडत होते. मला राहवेना.

"बाबा, आत या ना! मी नाही उतरणार, तुमची शप्पथ!"

"बस गो तू. मी बरा हाय हितं," म्हणाले, आणि डोक्यावर गोणपाट ओढून घेतलं.

जळो ती खुर्ची! मी तीत आहे तोवर ते आत येणार नाहीत, आणि मी तर मरेपर्यंत तीतच आहे.